बुटकी स्पोर्ट्स कार घरी जॅकवर घेताना : जॅक कुठे, स्टँड कुठे?

गिअरपाच
नमस्कार मंडळी. माझ्याकडे दुसऱ्या पिढीतली मझदा एमएक्स-५ आहे, उघड्या छताची. वजन एक टनाच्या आसपास, त्यामुळे उचलायला हलकी. पण जमिनीला इतकी लागून की साधा ट्रॉली जॅक तिच्याखाली शिरतच नाही. ऑइल बदलणं, ब्रेक पॅड, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाचं) तेल ही कामं घरीच, स्वतःच्या हाताने करायची आहेत. हत्यारं आहेत, वेळ आहे, हौस तर आहेच. गाडीखाली जायचं म्हटलं की मात्र चालढकल नको वाटते, म्हणून पहिला नट सैल करण्याआधी हा धागा काढतोय.

अडलंय ते असं. पुढून जॅक मधल्या क्रॉसमेंबरपर्यंत (पुढच्या चाकांमधल्या आडव्या तुळईपर्यंत) न्यायचा तर हँडल बंपरला टेकतं, पंप मारायला जागाच उरत नाही. बाजूने, दरवाज्याखालच्या पत्र्याच्या कडेला खूण दिलेली आहे तिथे जॅक लागतो; पण स्टँड (उचललेली गाडी ज्यावर टेकवून ठेवायची तो आधार) लावायची जागाही नेमकी तीच. जॅक तिथे असेल तर स्टँड कुठे ठेवायचा? आणि चारही चाकं उचलायची असतील तर सुरुवात पुढून करावी की मागून?

गाडीसोबत येणारा कात्री जॅक रस्त्यात चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर कोणी गाडीखाली जाऊ नये, एवढं माझं मत पक्कं आहे. बाकी सगळं शिकायची तयारी आहे.

पानेवाला
काम सुरू करण्याआधी विचारलंत हे फार बरं केलंत.

तुमच्या गाडीला ट्रॉली जॅक लावायच्या जागा दोन: पुढे क्रॉसमेंबरच्या मध्यावर आणि मागे डिफरन्शियलखाली. स्टँडच्या जागा चार. पुढच्या चाकांच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे, कडेला दोन-दोन खाचा दिसतील, त्या दोन खाचांच्या मधला भाग जाड पत्र्याचा असतो. म्हणजे जॅक मध्यावर, स्टँड बाजूंना. दोघांची एका जागेवरून भांडणं होत नाहीत. एकेक कोपरा बाजूने उचलायची गरजच राहत नाही.

एक जपा. या गाडीच्या तळाला फ्लोअरखाली लांबट पट्ट्या धावतात, त्या दिसायला चॅसीसारख्या दिसतात. तिथे जॅक लावण्याचा मोह होतो. त्या मऊ आहेत, चेपतात. जुन्या एमएक्स-५ विकत घेताना खाली वाकून पाहिलंत तर दर दुसऱ्या गाडीला त्या दबलेल्या दिसतील, आणि त्यामागे बहुतेक वेळा जॅकच असतो.

निळी_चावी
वाचतेय. माझाही हाच प्रश्न होता.

रात्रपाळी
हँडल बंपरला टेकण्यावर उपाय फळ्यांचा. चार सेंटीमीटर जाडीच्या, टायरपेक्षा थोड्या रुंद अशा दोन लाकडी फळ्या घ्या. एका टोकाला तिरका छाट द्या, म्हणजे टायर अलगद चढतो. त्यावर पुढची दोन्ही चाकं चढवायची, हँडब्रेक लावायचा, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावायचे आणि मग जॅक आत सरकवायचा. चार सेंटीमीटर ऐकायला काहीच वाटत नाही, पण हँडल मोकळं व्हायला बहुतेक वेळा तेवढं पुरतं. नाही पुरलं तर खाली लांब आणि वर आखूड अशी दुसरी फळी स्क्रूने पक्की करा, पायऱ्या होतात. सुट्ट्या फळ्या एकावर एक रचू नका, टायर चढताना वरची सटकते.

जॅकही कमी उंचीचा घ्या. नेहमीचा ट्रॉली जॅक पूर्ण खाली असताना तेरा-चौदा सेंटीमीटर उंच असतो, लो-प्रोफाइलवाला साडेसात ते नऊ. तुमच्या गाडीला हा दुसराच लागणार.

झुळूक
आमची मांजर त्याच गाडीखाली ताणून झोपते, आणि जॅकला मात्र प्रवेश नाही! :)

रात्रपाळी
@झुळूक, हसलो. पण गाडी वर घेण्याआधी त्या मांजरीला घरात घ्या हं. गाडी उंच झाली की मांजरांना खालची सावली आणखीच आवडते. लहान मुलांचंही तसंच.

कोपरा
इतका खटाटोप करण्यापेक्षा गॅरेजला दोन पायांची लिफ्ट असते, तिथे द्यावी. घरी गाडीखाली जाऊन जीव धोक्यात का घालायचा?

पानेवाला
@कोपरा, ज्याला हौस नाही त्याने गॅरेजलाच द्यावी, यात वाद नाही. पण लिफ्टवर घेतली म्हणजे गाडी सुरक्षित असंही समजू नका. लिफ्टचे हात चुकीच्या जागी लावून दरवाज्याखालची कड दुमडलेल्या कितीतरी बुटक्या गाड्या मी पाहिल्यात. बाहेर देताना सुद्धा "या चार जागांवरच लावा" हे मालकाला सांगता यायला हवं. म्हणजे ज्ञान दोन्हीकडे लागतंच.

ऋजुता
माझी पोर्शा ९११ आहे, ९९७ मालिकेतली. तिची गोष्ट वेगळी आहे. पुढे मध्यावर जॅक लावायला एमएक्स-५ सारखी सरळ जागा नाही, तळाला सगळीकडे प्लास्टिकची कव्हरं. कंपनीने दिलेल्या जागा चारच, दोन्ही बाजूंना पुढे-मागे. म्हणजे धागाकर्त्याचा प्रश्न माझ्याकडे खरोखरचा आहे.

यात एक गंमत उपयोगी पडते. गाडीचं शरीर इतकं ताठ आहे आणि इंजिन मागच्या अक्षाच्याही मागे असल्याने वजन इतकं मागे आहे की मागच्या जॅक-जागेवर उचललं की थोड्या वेळाने पुढचं चाकही जमीन सोडतं. मग पुढच्या जॅक-जागेखाली स्टँड बसतो. मागचा स्टँड मात्र उरतो. त्यासाठी मी दोन गोष्टी एकत्र असलेला स्टँड घेतला: जॅक त्या स्टँडच्या मधूनच आत जातो, गाडी उचलल्यावर स्टँडचे पाय बाजूंनी जोडायचे, आणि जॅक खाली घेतला की वजन त्याच जागेवर, त्याच पॅडवर स्टँडकडे जातं. खर्चिक आहे, पण ज्यांच्या गाडीला चारच जागा आहेत त्यांच्यासाठी याहून स्वच्छ उत्तर मला सापडलेलं नाही.

इंजिनाच्या तळाला जॅक लावणारे ९११ वाले भेटतात. मी लावत नाही. ती जागा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये नाही, म्हणजे नाही.

टॉर्क
@पानेवाला काका, डिफरन्शियलखाली जॅक लावण्याबद्दल माझा विरोध आहे. ते अॅल्युमिनियमचं ओतीव काम. सरकलं तर?

पानेवाला
@टॉर्क, शंका योग्य आहे, पण गाडीगणिक उत्तर बदलतं. एमएक्स-५ ला कंपनीनेच ती जागा दिलेली आहे. दुसऱ्या गाडीत तेच केलं तर ऑइल सील, माउंटिंग किंवा मागचं झाकण जाऊ शकतं. जॅकच्या वाटीवर (गाडीला टेकतो त्या वरच्या गोल भागावर) जाड रबरी पॅड ठेवा आणि उचलण्याआधी खाली वाकून बॅटरीने बघा: वाटी डिफरन्शियलच्या भरीव भागाखाली आहे का, की कडेच्या पंखांवर टेकतेय. पहिले दोन-तीन पंप मारले की थांबा, परत वाकून बघा. तिथे दिसतं ते नंतर दिसत नाही.

साधाभोळा
स्टँड नसतील तर विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक चालतील का? चार ब्लॉक रचले की गाडी हलत नाही असं पाहिलंय.

जुना_खांब
@साधाभोळा, नाही. कधीच नाही. वीट आणि पोकळ ब्लॉक यांच्यावर वजन सगळीकडून सारखं आलं तर ते सोसतात, म्हणून भिंतीत टिकतात. गाडीची पत्र्याची कड म्हणजे एका बोटाएवढ्या जागेवर अख्खं वजन. ब्लॉक आधी वाकून, करकरून इशारा देत नाही. तडा जातो तो थेट आरपार. लाकूड निदान चेपतं, आवाज करतं, फुटायला वेळ घेतं. म्हणून जाड लाकडाचे ओंडके उभे-आडवे आलटून-पालटून रचलेला चौथरा चालतो, ब्लॉकचा मनोरा नाही. शेजारच्या इमारतीतल्या पार्किंगमध्ये असा फुटलेला ब्लॉक मी पाहिलाय. गाडीखाली त्या क्षणी कोणी नव्हतं. मी फार काकुळतीने सांगतोय, हे डोक्यातून काढून टाका.

साधाभोळा
समजलं काका. स्टँड घेतो.

निळी_चावी
मागची चाकं उचलताना गाडी गिअरमध्ये ठेवली तर पुरे ना? ठोकळे कशाला?

टॉर्क
@निळी_चावी, इथेच बहुतेक जण फसतात, म्हणून सविस्तर लिहितो.

हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांवर काम करतो. गाडी मागून उचलली की हँडब्रेक धरतो ती दोन्ही चाकं हवेत. जमिनीवर उरतात ती पुढची, आणि रिअर व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या चाकांना ना हँडब्रेक, ना गिअर. म्हणजे गाडीला धरून ठेवणारं काहीच उरलं नाही. ठोकळे नसतील तर ती जॅकवरून पुढे किंवा मागे चालायला मोकळी.

आता एकच मागचं चाक उचलायचं म्हणू. वाटतं, दुसरं चाक जमिनीवर आहे, गाडी गिअरमध्ये आहे, काय बिघडतं? हँडब्रेक ओढलेला असेल तर ते चाक धरून राहील. पण मागच्या ब्रेकचं काम करायचं म्हणून हँडब्रेक सोडला की सगळा भरवसा गिअरवर येतो, आणि साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना एकमेकांच्या उलट फिरू देतं. प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंतचा फिरता दांडा) गिअरने अडवलेला असला तरी जमिनीवरचं चाक एका दिशेला गेलं की हवेतलं उलट्या दिशेला फिरतं. म्हणजे गिअर असून नसल्यासारखा. ऑटोमॅटिकच्या 'पी'चंही तेच.

त्यामुळे जमिनीवर राहणाऱ्या प्रत्येक चाकाला, पुढून आणि मागून, घट्ट पाचर. रबरी ठोकळे चांगले. लाकडी असतील तर तिरकी बाजू टायरला पूर्ण चिकटलेली हवी.

निळी_चावी
डोळे उघडले. धन्यवाद! हवेतलं चाक उलटं फिरतं हे डोक्यातच आलं नव्हतं.

वळणदार
फळ्यांऐवजी मी रॅम्प वापरतो, चाकं थेट वर. जॅक, स्टँड दोन्ही नको. ऑइल बदलायला झकास. वेळही वाचतो.

रात्रपाळी
@वळणदार, ऑइलपुरतं कबूल, पण बुटक्या गाडीला बाजारातले आखूड रॅम्प चालत नाहीत. हिशोब करून बघा. बंपरची खालची कड जमिनीपासून ११ सेंटीमीटरवर आणि टायर जमिनीला टेकतो त्या जागेपासून ९० सेंटीमीटर पुढे असेल, तर टायर चढायला लागण्याआधीच बंपर न घासणारा चढ जास्तीत जास्त सात अंशांचा. सात अंशांत १५ सेंटीमीटर वर जायचं तर रॅम्प सव्वा मीटर लांब हवा. दोन भागांत सुटणारे लांब रॅम्प मिळतात. गाडी वर चढली की पुढचा उतार काढून घेता येतो आणि बाजूने खाली जायला जागा होते.

चढताना मात्र एकट्याने चढू नका. बाहेर एक जण उभा हवा, त्याला टायर दिसतो, तुम्हाला नाही. गुळगुळीत फरशीवर रॅम्प पुढे घसरतो, त्याच्याखाली रबरी चटई टाका.

वळणदार
लांबीचा हिशोब पटला. माझ्या गाडीचा बंपर उंच आहे म्हणून मला जाणवलं नसावं. तरीही ब्रेकचं काम नसेल तर मी रॅम्पच सुचवेन. चाकं दबलेली राहतात, गाडी तिच्या नेहमीच्या बैठकीत असते, आणि घसरून पडायची भीती खूपच कमी.

जुना_खांब
इथे सगळे पुढच्या बंपरबद्दल बोलतायत, मागच्याचा कोणी विचार केला का?

पुढून गाडी उचलली की ती मागच्या चाकांभोवती फिरते. चाकांच्या पुढचं सगळं वर, मागचं सगळं खाली. दोन चाकांमधलं अंतर २४५ सेंटीमीटर असलेली ९११ पुढून ३० सेंटीमीटर उचलली आणि मागचा बंपर अक्षापासून मीटरभर मागे असला, तर तो जवळजवळ १२ सेंटीमीटर खाली येतो. मागची स्प्रिंग दबते ती वेगळीच. बुटक्या गाडीच्या मागे तेवढी जागा नसते. सायलेन्सरची टोकं किंवा खालचा डिफ्यूझर जमिनीला टेकतो आणि तडकतो, आणि तुम्ही पुढे जॅकपाशी असल्याने कळतही नाही.

म्हणून चारही चाकं उचलायची तर एका दमात पुढून उंच करू नका. पुढून थोडी, स्टँडवर. मागून थोडी, स्टँडवर. परत पुढून. यात दुसराही फायदा: एक टोक खूप वर आणि दुसरं खाली असताना लावलेले स्टँड, दुसरं टोक उचलताना तिरपे होतात, एखादा पाय जमीन सोडतो. थोडं-थोडं घेतलं की प्रत्येक वेळी ते सरळ बसतात. वेळ लागतो, लागू द्या. दर टप्प्याला चारही स्टँडचे पाय जमिनीला पूर्ण टेकलेत का हे बघत चला.

ऋजुता
@जुना_खांब, हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवतेय. ९११ मागून आधी उचलावी हे मला कळत होतं, कारण मात्र आत्ता समजलं.

गिअरपाच
सगळ्यांचे मनापासून आभार. मोठा प्रश्न सुटला. फळ्या कापून घेतो. आता स्टँडबद्दल सांगा: दात्यांवर चढणारे की आरपार पिनवाले? आणि किती टनी?

पानेवाला
पिनवाले. भोकात पोलादी पिन आरपार गेली की खिट्टीवर (दात्यात अडकून स्टँड वर धरणाऱ्या तुकड्यावर) विसंबायचं कारण उरत नाही. दातेवाले वाईट नाहीत, सोयीचे आहेत. पण त्यांची सगळी भिस्त खिट्टी दात्यात किती खोल बसते यावर असते. २०२० मध्ये अमेरिकेत हार्बर फ्रेट कंपनीने आपले तीन टनी आणि सहा टनी दातेवाले स्टँड परत मागवले, ते याच कारणाने. उत्पादनाची हत्यारं झिजली होती, त्यामुळे काही स्टँडमध्ये खिट्टी पुरेशी आत बसत नव्हती आणि वजन सरकलं की स्टँड खाली येऊ शकत होता. बदली दिलेल्यांपैकी काहींच्या वेल्डमध्येही त्याच वर्षी दोष सापडला. दातेवाले असतीलच तर गाडी टेकवल्यावर खिट्टीचा दांडा खाली दाबून बघा आणि दात्यात डोकावून बघा. हल्ली दातेवाल्यांनाच जादाची पिन दिलेली असते, ती खिशात ठेवू नका, लावा.

क्षमतेबाबत एक: स्टँडवर लिहिलेला आकडा अनेकदा जोडीचा असतो, एकाचा नाही. लेबल नीट वाचा. आणि सर्वात खालच्या बैठकीतली उंचीही मोजा. मोठ्या टनांचे स्टँड बंद स्थितीतही उंच असतात, तुमच्या गाडीला त्यांच्यावर चढवायलाच जॅक कमी पडेल.

टॉर्क
मी दातेवाले वापरतो आणि समाधानी आहे. पण पंप मारून झाल्यावर गाडी हलवून बघायची सवय हवी, हे दोन्ही प्रकारांना लागू. जॅक अजून खाली असताना, स्टँडवर वजन दिल्यावर, बाजूने छातीच्या उंचीवर जोरात ढकलायची. डगमगली, आवाज आला, तर आत्ताच. खाली गेल्यावर नाही.

जुना_खांब
आणि जॅक काढून घेऊ नका. पॅडला जेमतेम टेकलेला असा तिथेच राहू द्या. काढलेलं चाक आडवं करून सिलखाली (दरवाज्याखालच्या कडेखाली) सरकवा. स्टँड दगा देतो असं नाही, पण दिलाच तर माणसाच्या छातीएवढी जागा त्या चाकामुळे शिल्लक राहते.

कोपरा
आमच्याकडे पार्किंगला डांबर आहे. चालेल?

जुना_खांब
उन्हात डांबर मऊ पडतं, स्टँडचे चार पाय त्यात खुपसले जातात, तेही सारखे नाही, एकेक. स्टँडखाली जाड प्लायवूडचे चौकोन टाका, स्टँडच्या तळापेक्षा मोठे. जॅकखालीही एक सलग फळी हवी. उचलताना जॅकची वाटी वर्तुळाच्या कमानीत वर जाते, सरळ रेषेत नाही, त्यामुळे जॅकला चाकांवर थोडं गाडीखाली सरकावं लागतं. खडबडीत जमिनीवर त्याचं चाक अडकलं तर सरकायचं काम वाटी करते, आणि ती सरकली की गाडी गेली. उतारावर तर हा विषयच नको.

सप्तसूर
थोडं विषयांतर. उघड्या छताच्या गाडीचं काय? गिअरपाच यांचीही तीच आहे म्हणून विचारते.

पानेवाला
@सप्तसूर ताई, विषयांतर नाहीच, चांगला मुद्दा. छत नसलं की शरीराचा ताठपणा कमी. एक कोपरा उचलला की गाडी किंचित पिळली जाते. त्या कोपऱ्याच्या बाजूच्या दरवाज्याची फट डोळ्याने बघा, बदललेली दिसते. अशा वेळी उघडा दरवाजा ढकलून बंद केलात तर तो नीट बसत नाही, कडा घासतात, रंग उडतो. उचलण्याआधी दरवाजे बंद करा, आणि गाडी सपाट होईपर्यंत हात लावू नका. काही आतून काढायचं असेल तर आधीच काढा. मध्यावरून उचलल्याने हा पीळ बराच टळतो.

शिंपला
कॉर्व्हेटवाले कोणी नाहीत का इथे? माझी सी६ आहे, सी५ पासून सी७ पर्यंत पद्धत तीच. खाली चॅसीच्या रुळांमध्ये लांबट खाचा असतात. त्यात बसणारे गोल पॅड मिळतात. वरचा भाग खाचेत घालून नव्वद अंश फिरवला की पॅड लटकून राहतो, आणि जॅक त्या पॅडलाच लावायचा. नाही तर वाटी बाजूच्या प्लास्टिकच्या सिलवर चढते आणि ते फुटतं. फ्लोअरला तर मुळीच लावू नये, तो दोन पातळ थरांमध्ये बाल्सा लाकडाचा गाभा असलेला आहे. वजनाला हलका आणि ताठ, पण एका बिंदूवरचा दाब त्याला सोसत नाही.

ऋजुता
लोटस इलीजचंही ऐकण्यासारखं आहे. तिची चॅसी अॅल्युमिनियमच्या पट्ट्या गोंदाने चिकटवून केलेली, अवघी ६८ किलोची. आमच्या ओळखीत एक आहे, तो मॅन्युअलमधल्या जागेवरच, रुंद लाकडी पॅड घालूनच उचलतो. दाब पसरला पाहिजे, एवढं एकच तो सांगतो.

वळणदार
आणि विजेवरच्या गाड्यांना बॅटरीखाली जॅक अजिबात नाही! ठराविक चार जागा, तिथे बसणारे पॅड. एअर सस्पेन्शन असेल तर 'जॅक मोड' चालू करायचा, नाही तर एक बाजू वर गेली की गाडी स्वतःच उंची सारखी करायला निघते. पुढचं नाक उचलणारी यंत्रणा असेल तर तिचा उपयोग जॅक आत घालण्यापुरता करा, तिच्या भरवशावर खाली वाकू नका.

गिअरपाच
झालं मंडळी! गाडी चारही स्टँडवर बसली, ऑइल आणि दोन्ही तेलं बदलली. रात्रपाळी यांच्या फळ्यांनी हँडल मोकळं झालं, पानेवाला काकांनी सांगितल्याप्रमाणे जॅक मध्यावर आणि स्टँड खाचांमध्ये. पुढून थोडी, मागून थोडी, जुना_खांब काकांच्या क्रमाने. मागचा बंपर खरंच खाली येताना दिसला, मुद्दाम मागे जाऊन पाहिलं. चारही टोकांना गाडी सपाट असल्यामुळे गिअरबॉक्सचं तेल भोकाच्या काठापर्यंत बरोबर भरता आलं, नाही तर तिरक्या गाडीत पातळी फसवी दिसली असती.

खाली घेताना एक लक्षात आलं, ते नवख्यांसाठी लिहितो. फळ्या चाकांखाली परत सरकवून मगच गाडी टेकवा. फळ्याशिवाय टेकवली तर जॅकचं हँडल बंपरखाली अडकतं आणि वजन खाली येताना बंपरची कड त्यावर बसते. आणि जॅकचा व्हॉल्व्ह दोन बोटांनी, केसभर फिरवायचा.

एक नवा प्रश्न. पुढच्या खालच्या आर्मचे (चाक गाडीला जोडणाऱ्या हाताचे) बुश, म्हणजे सांध्यातले रबरी तुकडे, बदलायचेत. त्यांचे बोल्ट गाडी स्टँडवर असतानाच घट्ट करायचे का?

टॉर्क
अभिनंदन! नाही, नुसते बसते करून ठेवा. स्टँडवर चाक लोंबकळत असतं, आर्म खाली झुकलेला. रबरी बुश आतल्या नळीला आणि बाहेरच्या नळीला चिकटलेला असतो. तसाच बोल्ट आवळला की झुकलेली जागा हीच त्याची मूळ जागा होते, आणि गाडी खाली आल्यावर तो कायम पिळलेला राहतो. लवकर फाटतो. गाडी चाकांवर, वजन चाकांवर, आणि मग शेवटचं आवळणं. त्यासाठी तुमच्या त्या फळ्या पुन्हा कामाला येतील. चारही चाकांखाली घातल्यात तर बोल्टपर्यंत पाना जाईल. आवळण्याआधी गाडी थोडी पुढे-मागे करा. नुकती खाली घेतलेली गाडी टायर बाहेर घासून बसत नाही तोवर उंच दिसते.

पानेवाला
चाकांचे नटही तसेच. उचलण्याआधी जमिनीवर पाव आटा सैल, वर असताना हाताने आणि हलक्या पान्याने पूर्ण, आणि अखेरचा टॉर्क गाडी खाली आल्यावर. स्टँडवरच्या गाडीला लांब पान्याने बाजूला ओढणं म्हणजे तिला ढकलणंच. तुमच्या गाडीला ८८ ते ११८ न्यूटन मीटर, ताऱ्याच्या क्रमाने. ५०-१०० किलोमीटर चालवून एकदा पुन्हा रेंच लावून बघा.

गिअरपाच
बघतो काका. बुशचं काम झालं की त्याचा वेगळा धागा काढतो, फोटोंसकट.